शेवट आधी की टप्पे आधी? इस्रायल-पॅलेस्टाइन वाटाघाटींचं काय होणार

सोनटक्का
नमस्कार मंडळी,

१७ नोव्हेंबर २०२५ ला सुरक्षा परिषदेने गाझाबद्दलचा ठराव क्र. २८०३ मंजूर केला. बाजूने १३, विरोधात कुणी नाही, रशिया आणि चीन तटस्थ. ट्रम्प यांच्या २० कलमी योजनेवर त्यामुळे संयुक्त राष्ट्रांचा शिक्का बसला. शस्त्रसंधी, ओलिसांची सुटका, आंतरराष्ट्रीय दल, कारभारावर देखरेखीसाठी 'शांतता मंडळ', सगळं टप्प्याटप्प्याने. आणि पॅलेस्टिनी राष्ट्राचं काय? तर गाझाची पुनर्बांधणी मार्गी लागली आणि पॅलेस्टिनी प्राधिकरणाने, म्हणजे वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनी सरकारने, आपलं घर सुधारलं, तर पुढे कधीतरी तिकडची वाट मोकळी होऊ शकेल.

हे वाचलं आणि इस्रायल आणि पीएलओ (पॅलेस्टाइन मुक्ती संघटना) यांच्यातला १९९३ चा ऑस्लो करार पुन्हा काढून बसलो. तिथेही पाच वर्षांचा अंतरिम काळ होता. जेरुसलेम, निर्वासित, इस्रायली वस्त्या, सीमा, सुरक्षा हे कळीचे विषय अंतिम वाटाघाटींसाठी बाजूला ठेवले होते. तो काळ ४ मे १९९९ ला संपायचा होता. तारीख आली आणि गेली.

ऑस्लो का फसलं असं विचारलं की लोक माणसांची नावं घेतात. कुणी पीएलओचे अराफत म्हणतं, कुणी नंतर पंतप्रधान झालेले नेतान्याहू, कुणी करार करणारे पंतप्रधान राबिन यांचा मारेकरी. माझं मत असं की आखणीतच गडबड होती. शेवटी हातात काय पडणार हे कुणालाच ठाऊक नाही, पण किंमत मात्र आजपासून मोजायची. अशा करारात दोन्हीकडच्या विरोधकांना तो मोडायला भरपूर वेळ मिळतो.

तुम्हाला काय वाटतं? आधी शेवट ठरवून मग टप्पे पाडले असते, तर जमलं असतं का? आणि आता जमेल का?

(मूळचे रहिवासी कोण, दोन हजार वर्षांपूर्वी कोण होतं, यावर वेगळे धागे आहेत. इथे नको, ही विनंती.)

उपाशी बोका
क्लिंटन, बुश, ओबामा थकले तो प्रश्न आपण शुक्रवारी रात्री सोडवायला घेतलाय. उद्या सुट्टी आहे, होऊन जाऊ द्या.

बोरूबहाद्दर
सोनटक्का, आखणी वगैरे ठीक आहे, पण माणसांना इतकं सहज बाजूला काढू नका. ४ नोव्हेंबर १९९५ ला तेल अवीवच्या चौकात यिगाल आमिर या करारविरोधी ज्यू तरुणाने राबिन यांना गोळ्या घातल्या नसत्या तर इतिहास वेगळा झाला असता. राबिन सेनापती होते, १९६७ चं युद्ध त्यांच्या हाताखाली जिंकलं गेलं. लोकांचा त्यांच्यावर भरवसा होता. त्यांच्यामागून आलेल्या पेरेस यांच्यावर तसा नव्हता. मे १९९६ च्या निवडणुकीत नेतान्याहू एका टक्क्याहून कमी फरकाने जिंकले. एवढ्याशा फरकावर सगळं फिरलं, आणि तुम्ही आखणीचं बोलताय.

फ्योर्डकाठी
मी बरीच वर्षं नॉर्वेत आहे. इथे ऑस्लो म्हटलं की जुने लोक अजूनही जरा ताठ बसतात, आणि मग लगेच गप्प होतात.

गोष्ट मोठी रंजक आहे. १९९३ च्या जानेवारीपर्यंत इस्रायली नागरिकाने पीएलओच्या माणसाला भेटणं हाच कायद्याने गुन्हा होता. तो कायदा रद्द झाला आणि त्याच आठवड्यात सार्प्सबोर्ग नावाच्या गावातल्या एका जुन्या वाड्यात पहिली बैठक बसली. इस्रायलकडून कोण? याइर हिर्शफेल्ड आणि रॉन पुंडाक, दोघेही प्राध्यापक. म्हणजे बिंग फुटलंच तर सरकार हात झटकायला मोकळं. समोर पीएलओचे अहमद कुरेई, ज्यांना अबू आला म्हणत. मध्यस्थ तेर्ये रॉड-लार्सन हे सरकारी अधिकारी नव्हते, फाफो नावाच्या कामगार चळवळीशी जोडलेल्या संशोधन संस्थेचे होते. त्यांच्या पत्नी मोना यूल मात्र परराष्ट्र खात्यात. सगळे एकाच छताखाली राहायचे, एकत्र जेवायचे, रात्री उशिरापर्यंत बोलायचे.

त्याच वेळी वॉशिंग्टनमध्ये अधिकृत वाटाघाटी चालू होत्या, कॅमेऱ्यासमोर. तिथे काही हलत नव्हतं.

पण सोनटक्का म्हणतात त्यातला एक दुवा इथेच आहे. गुप्त खोलीत विश्वास तयार झाला तो त्या दहाबारा माणसांत. खोलीबाहेरच्या लाखो लोकांना १३ सप्टेंबरला टीव्हीवर हस्तांदोलन दिसलं, त्याआधीचे आठ महिने दिसलेच नाहीत.

पोपटराव
> सगळे एकाच छताखाली राहायचे, एकत्र जेवायचे

आमच्या सोसायटीच्या कमिटीला पाठवता येईल का त्या वाड्यात?

निगेववाला
शलोम आणि नमस्कार. मी बेअर शेवातून लिहितोय. आजी अलिबागजवळच्या नवगावची, घरात आम्ही अजून मराठीच बोलतो, सणावाराला मलिदा होतो. (सांगावं लागतं, नाहीतर आयडीवरून लोकांना वाटतं हा गुजराती आहे.)

बोरूबहाद्दर म्हणतात ते मीही तरुणपणी म्हणत होतो. १९९२ ला मजूर पक्षाला ४४ जागा होत्या, डाव्या मेरेट्झला १२. २०२२ ला मजूर पक्षाला ४, आणि मेरेट्झ संसदेतच पोचला नाही. हे सगळे मतदार एका रात्रीत उजवे झाले नाहीत. बसमध्ये बसताना मागे कोण चढलंय ते बघायची सवय लागली, तिथून ते सुरू झालं. ३१ ऑगस्ट २००४ ला आमच्या गावात दोन बसमध्ये एकापाठोपाठ स्फोट झाले. १६ माणसं गेली.

मग २००५ ला पंतप्रधान शॅरोन यांनी गाझातून सैन्य आणि २१ वस्त्या काढल्या. २००७ मध्ये तिथे हमास या सशस्त्र संघटनेची सत्ता आली, आणि रॉकेटं आमच्यापर्यंत पोचायला लागली. माझ्या शेजाऱ्याला तुम्ही 'जमीन सोडली तर शांतता मिळते' हे कसं पटवणार? आणि ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर तर तो विषयच संपला. साधारण १,२०० माणसं एका दिवसात मारली गेली, २५१ ओलीस नेले.

मी नेतान्याहूंचा मतदार नाही. पण इथे राहणाऱ्याच्या डोक्यात काय असतं ते सांगितलं.

रानजाई
निगेववाला, तुमचा प्रतिसाद नीट वाचला. आता दुसरी बाजू, कारण मी एका संस्थेबरोबर आरोग्याच्या कामासाठी नाब्लुस भागात राहिलेली आहे.

तिथल्या माणसाने ऑस्लो कसं अनुभवलं? १९९५ च्या दुसऱ्या ऑस्लो करारात वेस्ट बँकेचे अ, ब, क असे तुकडे झाले. 'क' म्हणजे पूर्ण इस्रायली ताबा, आणि तो भाग साधारण ६० टक्के. हे तात्पुरतं होतं. तीस वर्षं झाली. १९९३ ला वेस्ट बँकेत (पूर्व जेरुसलेम सोडून) एक लाखाच्या थोडे वर इस्रायली वसाहतकार होते, आज ते पाच लाखांच्या आसपास आहेत. ज्या जमिनीबद्दल बोलायचं ठरलं होतं तीच बोलणी चालू असताना कमी होत गेली. गावातला पोरगा विचारायचा, मग आम्ही नक्की कशासाठी थांबलोय?

आणि पहिलं रक्त कुणी सांडलं याचा हिशेब मांडायचा नाहीये, पण क्रम तरी पाहा. फेब्रुवारी १९९४ ला हेब्रॉनच्या मशिदीत बारूख गोल्डस्टाइनने नमाजाला बसलेल्या २९ जणांना मारलं. एप्रिलमध्ये हमासने अफुलात बसशेजारी कारबॉम्ब उडवला. करार मोडायचा होता ती माणसं दोन्हीकडे होती, आणि त्यांचा एकमेकांना किती छान उपयोग झाला!

बोरूबहाद्दर, राबिन यांच्याबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये क्नेसेटमधल्या (इस्रायलची संसद) त्यांच्या शेवटच्या मोठ्या भाषणात त्यांनी स्पष्ट म्हटलं होतं की पॅलेस्टिनींचं जे काही होईल ते राष्ट्रापेक्षा कमी असेल, आणि जेरुसलेम अखंड इस्रायलकडे. तो दुसरा ऑस्लो करार क्नेसेटमध्ये ६१ विरुद्ध ५९ ने पास झाला. म्हणजे आपण ज्यांना शांततेचे हुतात्मे म्हणतो त्यांच्याही मनातला शेवट समोरच्याला मान्य होण्यासारखा नव्हता. तो कदाचित पुढे बदलला असता. बदलला असता की नाही हे ठरवण्याइतकं आयुष्य त्यांना मिळालं नाही.

आबा_बारामतीकर
एवढं वाचून शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. दोन भावांचा बांधाचा वाद आहे. मोजणीवाला आला, त्याने सांगितलं 'हद्द पाच वर्षांनी ठरवू, तोवर दोघं गुण्यागोविंदाने नांदा'. थोरला रोज नांगर एक तास पुढे घालतो, धाकटा रात्री येऊन मोटार जाळतो. पाच वर्षांनी मोजणीला उरलं काय?

सोनटक्का
आबा, माझ्या अख्ख्या लेखाचं काम तुम्ही पाच ओळींत केलंत.

रानजाई
आबा, उपमा चपखल आहे, पण दोन भाऊ म्हटलं की बरोबरीचे वाटतात. इथे एकाकडे सैन्य, विमानदळ, बंदरं, चलन, सीमा सगळं आहे. १९९३ च्या पत्रांतसुद्धा बरोबरी नव्हती. अराफत यांनी इस्रायल या राष्ट्राचा अस्तित्वाचा हक्क मान्य केला. राबिन यांनी बदल्यात पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. राष्ट्राच्या बदल्यात संघटना.

चिंतूकाका
मी ७० च्या दशकात वर्तमानपत्रात परदेशी बातम्यांच्या टेबलावर होतो. इजिप्तचे अध्यक्ष सादात १९ नोव्हेंबर १९७७ ला जेरुसलेमला उतरले त्या रात्री टेलिप्रिंटरवर बातमी येत होती आणि आमच्या संपादकांचा विश्वास बसत नव्हता. चार वर्षांपूर्वी ज्यांच्यावर हल्ला केला त्यांच्या संसदेत हा माणूस भाषण करणार!

सोनटक्कांच्या प्रश्नाला मला वाटतं तिथेच उत्तर आहे. सप्टेंबर १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला अमेरिकेचे कार्टर, इस्रायलचे बेगिन आणि सादात तेरा दिवस बसले. तिथून एक नव्हे, दोन मसुदे बाहेर पडले. लोकांना एकच आठवतो.

पहिला इजिप्त-इस्रायलचा. त्यात शेवट लख्ख होता. सिनाई पूर्ण परत, बदल्यात पूर्ण शांतता आणि राजदूत. टप्पे होतेच की, तीन वर्षांचे. पण प्रत्येक टप्प्याला पुढचा मुक्काम ठाऊक होता. एप्रिल १९८२ मध्ये यामित ही वसाहत इस्रायली सैनिकांनी स्वतः रिकामी केली, छपरांवर चढून बसलेल्या लोकांना ओढून खाली आणलं. तोवर सादात यांचा खून झालेला होता (६ ऑक्टोबर १९८१). अरब लीगने इजिप्तला बाहेर काढून मुख्यालय ट्यूनिसला नेलं होतं. तरी करार टिकला, आजही टिकून आहे.

दुसरा मसुदा वेस्ट बँक आणि गाझाच्या स्वायत्ततेचा. पाच वर्षांचा संक्रमण काळ, अंतिम स्थिती नंतर ठरवू. त्याचं पुढे काहीही झालं नाही.

एकाच टेबलावर, त्याच तीन माणसांनी, त्याच तेरा दिवसांत केलेले दोन कागद. एक जगला, एक मेला. नेतृत्व सारखंच होतं, बोरूबहाद्दर. फरक आखणीत होता.

फ्योर्डकाठी
चिंतूकाका, टोपी काढली. दुसरा मसुदा माझ्या डोक्यात कधीच नव्हता.

बोरूबहाद्दर
काका, मान ठेवून असहमत. सिनाई म्हणजे मुख्यतः वाळवंट. तिथे जेरुसलेम नाही, हेब्रॉन नाही, ज्यूंच्या धर्मग्रंथातलं प्रत्येक दुसरं गाव नाही, आणि निर्वासितांचा प्रश्नही नाही. यामितमध्ये काही हजार लोक होते. इथे पाच लाख आहेत. शेवट लख्ख होता म्हणून तो करार झाला, की तो सोपा होता म्हणून शेवट लख्ख करता आला? वेस्ट बँकेचा शेवट ठरवता येत नव्हता, म्हणून तर पुढे ढकलला. ढकलला नसता तर १९७८ ला एकही कागद झाला नसता, आणि १९९३ लाही.

चिंतूकाका
वाळवंट म्हणू नका, सिनाईत तेल होतं, हवाई तळ होते, आणि युद्धात मिळालेली खोली होती. बेगिन यांनी तर निवृत्तीनंतर सिनाईतल्या वसाहतीत राहायला जायचं जाहीर केलं होतं. पण तुमचा प्रश्न रास्त आहे. सोपं होतं म्हणून ठरलं, हे काही अंशी खरं आहे.

उपाशी बोका
अवांतर: निगेववाला, ते मलिद्याचं सविस्तर लिहा ना. पोह्यांचा असतो ना तो? आणि तुम्हीच ते 'शनिवार तेली' का?

निगेववाला
हो, भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलदोडा, वर फळं. एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने करतात. आणि हो, आम्ही कोकणातले बेने इस्रायल ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली, म्हणून शनिवार तेली. इथे आल्यावर मात्र १९६० च्या दशकात धर्मगुरूंनी आमच्या लोकांच्या लग्नांवर शंका घेतली होती, त्याविरुद्ध मोठं आंदोलन करावं लागलं. १९६४ ला प्रश्न सुटला. त्यामुळे 'सगळे ज्यू एकसारखे विचार करतात' असं कुणी म्हणालं की मला हसू येतं.

संपादक
पाककृती विभागात नवा धागा काढावा ही विनंती. तसंच एका सदस्याचे दोन प्रतिसाद काढले आहेत. दोन्ही बाजूंच्या मेलेल्या मुलांवरून केलेली शेरेबाजी इथे चालणार नाही.

दोहाकर
संपादकांचे आभार, ते प्रतिसाद मी पाहिले होते.

मी दोह्यात नोकरीला. ९ सप्टेंबर २०२५ ला दुपारी खिडक्या हादरल्या. आधी वाटलं बांधकामावर काही झालं, मग धूर दिसला. इस्रायलने हमासच्या वाटाघाटी करणाऱ्या लोकांवर हल्ला केला होता, तेही अमेरिकेच्या प्रस्तावावर चर्चा चालू असताना. कतारचा एक सुरक्षा कर्मचारीही त्यात गेला. मध्यस्थाच्याच घरावर बॉम्ब.

गंमत म्हणजे तीनच आठवड्यांनी, २९ सप्टेंबरला, नेतान्याहूंनी व्हाइट हाऊसमधून फोन करून कतारच्या पंतप्रधानांची माफी मागितली आणि त्याच दिवशी २० कलमी योजना जाहीर झाली. दोन आठवड्यांत शस्त्रसंधी आणि जिवंत ओलिसांची सुटका. १३ ऑक्टोबरला शर्म अल-शेखला परिषद.

यावरून मी एवढंच शिकलो की अमेरिकेच्या अध्यक्षाने खरोखर मनावर घेतलं की इस्रायलचं सरकार ऐकतं, आणि कतार, इजिप्त, तुर्कस्तान यांनी एकत्र दाबलं की हमास ऐकते. जोर लावणारा कोण आणि किती दिवस लावतो, यावर सगळं आहे. आखणी, शेवट, टप्पे नंतर.

पोपटराव
म्हणजे २०२९ पर्यंत हमी, नंतर गिऱ्हाइकाने स्वतःची जबाबदारी.

लेखापाल
मी रोज आकड्यांत असतो, म्हणून एक कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट.

एप्रिल १९९४ मध्ये पॅरिसला आर्थिक करार झाला, तोही अंतरिमच. पॅलेस्टिनींना लागणारा माल बहुतेक अश्दोद किंवा हैफा बंदरातून येतो. त्यावरची जकात आणि व्हॅट इस्रायल गोळा करतं, ३ टक्के हाताळणी खर्च कापून घेतं आणि उरलेली रक्कम दर महिन्याला पॅलेस्टिनी प्राधिकरणाला द्यायची असते. प्राधिकरणाच्या एकूण महसुलात हा वाटा निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे रामल्लातल्या शिक्षकाचा पगार, नर्सचा पगार, पोलिसाचा पगार, सगळं जेरुसलेममधल्या अर्थमंत्र्याच्या सहीवर.

आणि ती सही वेळोवेळी अडते. अतिरेकी हल्ले करणाऱ्यांच्या कुटुंबांना प्राधिकरण पैसे देतं, म्हणून कपात. प्राधिकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं, म्हणून रक्कम रोखली. या आक्षेपांत तथ्य किती, तो वाद वेगळा. पण शिक्षकाला अर्धा पगार घेऊन घरी जावं लागतं, अनेक वर्षं.

आता ठराव म्हणतो प्राधिकरणाने सुधारणा कराव्या. ज्याचा गल्ला दुसऱ्याच्या हातात आहे त्याने कारभार सुधारून दाखवायचा. ऑडिटमध्ये असं काही दिसलं तर मी सही करणार नाही.

निगेववाला
लेखापाल, कपातीमागचं कारण इथे फार संवेदनशील आहे. ज्याने माझ्या ओळखीच्या माणसाला मारलं त्याच्या घरी दरमहा पैसे जातात, हे कोण सहन करेल?

लेखापाल
मान्य. म्हणूनच म्हटलं, आक्षेपाचा वाद वेगळा. त्या योजनेचे पैसे कापा, पण नर्सचे कशाला? (प्राधिकरणाचे अध्यक्ष अब्बास यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ती पद्धत बदलायचा हुकूम काढलाय. अंमल कितपत, यावर दोन्हीकडे दोन उत्तरं.)

घाटपायथा
अब्बास यांचं कुणी काही बोलणार की नाही? जानेवारी २००५ ला चार वर्षांसाठी निवडून आले, अजून आहेत. वय ९०. त्यांच्याशी करार केला तर तो कुणाच्या वतीने? हमासशी करायचा तर ती इस्रायल मानतच नाही. वेस्ट बँकेतले नेते मरवान बरघूती यांना लोक मानतात, ते २००२ पासून तुरुंगात, पाच जन्मठेपा. शेवट आधी ठरवा म्हणताय, पण खाली सही कोण करणार?

रानजाई
घाटपायथा यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं.

आणि सही करणारे नसतात तेव्हाही कामं करणारी माणसं असतात, ती बातमीत येत नाहीत. व्हिव्हियन सिल्व्हर यांचं नाव मी इथे घेते. वीमेन वेज पीस या संघटनेच्या संस्थापकांपैकी. गाझातल्या रुग्णांना त्या गाडीने इस्रायलच्या दवाखान्यांत पोचवायच्या. ७ ऑक्टोबरला बेएरी किब्बुत्झमधल्या (सामुदायिक शेतीचं गाव) घरात त्या मारल्या गेल्या. त्यांची संघटना आणि पॅलेस्टिनी बायकांची वीमेन ऑफ द सन, दोघींनी तीनच दिवस आधी, ४ ऑक्टोबरला, जेरुसलेम आणि मृत समुद्राकाठी एकत्र मोर्चा काढला होता.

त्यानंतरच्या दोन वर्षांत गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या मोजणीनुसार ६७ हजारांवर माणसं मारली गेली. माझ्याबरोबर काम केलेल्या एका नर्सचे गाझातले नातेवाईक त्यात आहेत. तिला मी काय 'शेवट' सांगू?

बोरूबहाद्दर
रानजाईताई, याला उत्तर नाही माझ्याकडे.

विषयाकडे येतो. उत्तर आयर्लंडचं उदाहरण कुणीच कसं घेतलं नाही? १९९८ चा गुड फ्रायडे करार. त्यातही मुख्य प्रश्न, म्हणजे ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडमध्ये जायचं, पुढेच ढकलला आहे! आणि तो करार चालला. म्हणजे शेवट उघडा ठेवूनही जमतं. काकांचा सिद्धांत तिथे लागू होत नाही.

चिंतूकाका
आयर्लंडमध्ये शेवट उघडा आहे, पण तो कसा ठरणार हे ठरलेलं आहे: उत्तर आयर्लंडच्या बहुमताने. तोवर सगळ्यांना समान नागरी हक्क, सरकारात दोन्ही बाजूंचा वाटा, मतदानाचा हक्क. मे १९९८ ला दोन्हीकडे सार्वमत घेतलं, उत्तरेत ७१ टक्के, दक्षिणेत ९४ टक्के लोकांनी होकार दिला. थांबणाऱ्याला थांबण्याचं काहीतरी मिळत होतं. नाब्लुसच्या पोराला काय मिळत होतं?

आणि एक किस्सा. ते बेलफास्टचं यश ज्यांच्या खात्यावर जमा आहे ते जॉर्ज मिचेल, त्यांनाच ओबामांनी २००९ ला मध्यपूर्वेत पाठवलं. २०११ च्या मे महिन्यात राजीनामा देऊन परतले.

सह्याद्री_एक्सप्रेस
धागा फार उंचीवर गेला म्हणून थोडं भारताकडे. १९४७ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पॅलेस्टाइनवर नेमलेल्या समितीत भारताचा प्रतिनिधी होता. बहुमताने फाळणी सुचवली, भारत, इराण आणि युगोस्लाव्हियाने वेगळा अहवाल दिला: एकच संघराज्य, आत दोन स्वायत्त घटक, राजधानी जेरुसलेम. आपली स्वतःची फाळणी नुकतीच झाली होती, हे लक्षात घ्या. २९ नोव्हेंबर १९४७ ला फाळणीच्या विरोधात १३ मतं पडली, त्यात एक भारताचं.

१९८८ ला पॅलेस्टाइनला मान्यता, १९९२ ला इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. १२ सप्टेंबर २०२५ ला आमसभेत दोन राष्ट्रांच्या तोडग्याला पाठिंबा देणारा ठराव १४२ मतांनी पास झाला, त्यातही आपण बाजूने. ड्रोन त्यांच्याकडून, मत यांना. परराष्ट्र धोरण असंच असतं म्हणा.

पोपटराव
शेवटच्या वाक्याबद्दल दोन्हीकडचे लोक तुमच्यावर तुटून पडणार. शुभेच्छा.

मृद्गंध
सगळा धागा एका बैठकीत वाचला. सोनटक्कांच्या मूळ प्रश्नावर एक महत्त्वाची गोष्ट राहिली असं वाटतं. 'आधी शेवट' हा प्रयोग झालेला आहे. निदान दोनदा.

एकदा २००० मध्ये. जुलैत कॅम्प डेव्हिडला इस्रायलचे पंतप्रधान बराक आणि अराफत थेट अंतिम प्रश्नांवर बसले. फसलं. कोणामुळे फसलं यावर क्लिंटन यांच्या चमूतलेच लोक भांडतात: डेनिस रॉस अराफत यांच्याकडे बोट दाखवतात, रॉबर्ट मॅली तिघांकडेही. सप्टेंबरअखेर दुसरा इंतिफादा (पॅलेस्टिनी उठाव) पेटला. डिसेंबरात क्लिंटन यांनी अंतिम तोडग्याची आपली मोजमापं मांडली, जानेवारी २००१ ला इजिप्तमधल्या ताबा या गावी दोन्ही बाजू बऱ्याच जवळ आल्या. पण क्लिंटन यांची मुदत संपली आणि बराक काही आठवड्यांत निवडणूक हरले.

दुसऱ्यांदा २००८. इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनी सप्टेंबरात अब्बास यांना नकाशा दाखवला. ओल्मर्ट यांच्याच सांगण्यानुसार, वेस्ट बँकेचा बहुतांश भाग आणि उरलेल्याच्या बदल्यात इस्रायलची जमीन, जेरुसलेमच्या जुन्या शहरातल्या पवित्र भागावर पाच देशांचं विश्वस्त मंडळ. नकाशा सोबत न्यायची परवानगी नव्हती, म्हणून अब्बास यांनी आठवणीने कागदावर रेखाटून घेतला. सही झाली नाही. ओल्मर्ट भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे पायउतार होणार हे जाहीर झालं होतं, अब्बास यांच्या हातातून गाझा गेलेला होता, आणि डिसेंबरअखेर गाझात युद्ध सुरू झालं.

म्हणजे शेवट काय असेल हे गुपित नाहीच. २००० ची मोजमापं, दोन्हीकडच्या लोकांनी सरकारबाहेर केलेला २००३ चा जिनिव्हा मसुदा, २००८ चा नकाशा एकमेकांशेजारी ठेवा, फरक थोडका आहे. दर वेळी शेवटाचं बोलणं अशा माणसांनी केलं ज्यांचा वेळ संपत आला होता. आणि ज्यांच्याकडे वेळ आणि ताकद होती, त्यांनी टप्प्यांचं बोलणं केलं. याला अपवाद इजिप्तचा करार: बेगिन १९७८ ला सत्तेवर येऊन सव्वा वर्ष झालं होतं, सादात यांना आव्हान देणारं कुणी नव्हतं, कार्टर यांची अर्धी मुदत बाकी होती.

चिंतूकाका
हे मला सुचायला हवं होतं असं प्रत्येक म्हाताऱ्याला वाटावं, असा प्रतिसाद. सुरेख.

बोरूबहाद्दर
मृद्गंध, म्हणजे शेवटी माणसांवरच आलात ना! माझा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा.

मृद्गंध
माणसांवर नाही हो, घड्याळावर.

सोनटक्का
मृद्गंध यांच्या मुद्द्यावर मी पूर्णपणे समाधानी नाही. २००८ चा नकाशा आज कागदावर चांगला दिसतो, पण जमिनीवर तो बसतो का? ऑगस्ट २०२५ मध्ये जेरुसलेमच्या पूर्वेकडच्या ई-१ भागातल्या सुमारे ३,४०० इस्रायली घरांच्या योजनेला मंजुरी मिळाली. ती उभी राहिली तर पूर्व जेरुसलेम आणि वेस्ट बँकेतला दुवा तुटत जातो, उत्तर-दक्षिण जाणंही अवघड होतं. आणि जुलै २०२४ मध्ये क्नेसेटने पॅलेस्टिनी राष्ट्राच्या विरोधात ६८ विरुद्ध ९ असा ठराव केला. म्हणून मला वाटतं, ठरावातल्या आंतरराष्ट्रीय दलाची मुदत ३१ डिसेंबर २०२७ आहे, तोवर निदान सीमेचा एक नकाशा टेबलावर यायला हवा. नाहीतर आणखी एक अंतरिम काळ.

निगेववाला
मुदतींचं म्हणाल तर दोन आणखी लिहून ठेवा. आमच्याकडे निवडणूक ऑक्टोबर २०२६ पर्यंत व्हायलाच हवी. आणि अब्बास यांनी युद्ध थांबल्यापासून वर्षभरात निवडणूक घेण्याचं वचन दिलंय. दोन्ही झाल्या तर निदान घाटपायथा यांच्या प्रश्नाला उत्तर मिळेल, सही कोण करणार याचं. उत्तर आवडेलच असं नाही. आमच्याकडे कदाचित आणखी उजवं सरकार येईल, तिकडे कोण येईल सांगता येत नाही.

रानजाई
तिकडे निवडणूक घ्यायची तर पूर्व जेरुसलेममधल्या लोकांना मतदान करू द्यावं लागेल. २०२१ ची निवडणूक अब्बास यांनी त्याच कारणावरून पुढे ढकलली होती. खरं कारण त्यांना हरायची भीती होती असं त्यांचे लोकच म्हणतात, पण त्यांना तो बहाणा कुणी मिळवून दिला हेही बघा. निगेववाला, तुमच्या सरकारकडून एवढी एक परवानगी निघेल का?

निगेववाला
आत्ताच्या सरकारकडून नाही. १९९६, २००५ आणि २००६ ला निघाली होती, तिथल्या पोस्ट ऑफिसांमधून मतदान झालं होतं. म्हणजे अशक्य नाही.

लेखापाल
पोस्टातून? याबद्दल सविस्तर लिहा की. मतपेट्या कुणाच्या ताब्यात असायच्या?